माळा, कोठी आणि अंगणातली अडगळ: खान्देशातल्या घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या घरांना बहुतेक वेळा माळा असतो, वर धाबं (मातीचं सपाट छत) किंवा गच्ची असते, मागे पडका गोठा नाहीतर खळं असतं. त्यामुळे वस्तू टाकायची वेळच येत नाही. ती आतून बाहेर आणि खालून वर सरकत राहते. आवरायला काढलं की बहुतेक घरं एकाच ठिकाणी अडतात: वस्तू नको हे ठरतं, पण ती कुणाला, कशी आणि कधी द्यायची हे ठरत नाही. आठ दिवस ती ओट्यावर पडून राहते आणि पुन्हा माळ्यावर चढते. म्हणून खालच्या उत्तरांत 'काय टाकावं' यापेक्षा 'कुठे जाऊ द्यावं' यावर जास्त भर आहे.

आवरायला कधी काढावं? दिवाळीच्या साफसफाईतच उरकलं तर चालणार नाही का?

दिवाळीला जाळी-जळमटं काढा, पण माळा उतरवू नका. त्याच सुमाराला कापसाची वेचणी सुरू होते आणि बऱ्याच शेतकरी घरांत पुढची खोली कापसानं भरते. सामान काढून ठेवायला जागाच उरत नाही. शिवाय तेव्हा सगळं गाव भंगार काढत असतं, भंगारवाल्याला निवांत वजन करायला वेळ नसतो.

आपल्याकडे खरा मोसम होळीनंतरचा. नवा गहू घरात यायच्या बेतात असतो, कोठ्या रिकाम्या असतात, पाऊस नसतो, सामान दोन दिवस अंगणात राहिलं तरी भिजत नाही. होळीनंतर सुरुवात करून आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी माळा आणि कोठीघर संपवा. आखाजीला लेकी माहेरी येतात, तेव्हा त्यांच्या वस्तूंचं त्यांच्यासमोर ठरवा. मृगाच्या आधी जायचं ते सगळं घराबाहेर गेलेलं असावं. श्रावणात कानबाईच्या सणाच्या आधी घर सारवलं-रंगवलं जातं, तो दुसरा मोका. पण त्यात फक्त स्वयंपाकघर आणि देवघर घ्या. ओल्या हवेत कागद आणि गाद्या उघडू नयेत.

वेळ सकाळी सहा ते नऊ. एप्रिल-मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर जातो आणि पत्र्याखालच्या माळ्यावर त्याहून जास्त उकाडा असतो. दुपारी तिथे बसलं की चक्कर येते, नाहीतर कंटाळून 'राहू द्या तिथंच' असं होतं.

'वर्षभर वापरलं नाही तर काढून टाका' हा नियम आपल्याकडे लागू पडतो का?

जसाच्या तसा नाही. कुरडयांचा सोऱ्या, बिबडे (ज्वारीचे पापड) वाळवायची प्लास्टिकची चादर, पंगतीची मोठी पातेली वर्षातून चार दिवसच लागतात, पण त्या चार दिवसांत त्यांच्यावाचून अडतं. कूलर चार महिने चालतो आणि आठ महिने अडगळ असतो. म्हणून वर्षाचं माप आखाजी ते आखाजी धरा आणि प्रश्न असा विचारा: गेल्या पूर्ण फेऱ्यात, म्हणजे एक पेरणी, एक दिवाळी, एक लग्नसराई आणि एक पापडांचा हंगाम, यांत ही वस्तू खाली उतरली का? दोन फेरे उतरली नसेल तर ती जायला हवी.

आणखी एक कसोटी भाऊबंदांची. हळद दळायला जातं लागतं, पण सगळ्या भाऊबंदांत मिळून एक पुरतं. मोठी डेग, चाळीस ताटांचा संच, उखळ-मुसळ यांचंही तेच. कुणाकडे काय ठेवायचं हे एकदा ठरलं की बाकीच्या चार घरांतली तीच वस्तू मोकळी होते.

माळा उतरवायचा तर नेमकं कसं?

तीन माणसं लागतात: एक वर, एक शिडीजवळ, एक खाली मांडणारा. जाड हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट, पायांत बूट, नाकातोंडाला ओला रुमाल आणि चांगली बॅटरी. उंदरांच्या लेंड्या असतील तर कोरडा झाडू मारू नका, धूळ फुफ्फुसात जाते. ब्लीचिंग पावडरचं पाणी शिंपडून दहा-पंधरा मिनिटं थांबा आणि मग ओल्या फडक्यानं गोळा करा. गोणपाट, लाकडाच्या फळ्या आणि विटा हातानं ओढू नका, आधी काठीनं हलवा. विंचू अशाच जागी बसतो. चावलाच तर मांत्रिक किंवा घरगुती लेप यांत वेळ न घालवता सरळ ग्रामीण रुग्णालय गाठा, विशेषतः मुलांच्या बाबतीत.

खाली अंगणात खडूनं पाच चौकोन आखा: घरात राहील, मोडीत जाईल, कुणाला देणार, घंटागाडीत जाईल, विचारून ठरवू. प्रत्येक वस्तू वरून आली की थेट चौकोनात. 'विचारून ठरवू'चा चौकोन एका बाजेएवढाच ठेवा. तो भरला की नवीन वस्तू टाकण्याआधी त्यातली एक बाहेर काढायची. हा चौकोन मोठा झाला की सगळी मेहनत फुकट जाते.

लाकडाला उधई (वाळवी) लागलेली दिसली, म्हणजे मातीच्या बारीक नळ्या किंवा ठोकल्यावर पोकळ आवाज, तर ती वस्तू त्याच दिवशी घराबाहेर न्या. दुसऱ्या लाकडाशेजारी रात्रभरसुद्धा ठेवू नका.

सुरुवात फोटोंच्या पेटीपासून करू नका. तीन तास त्यातच जातात आणि मन हळवं झालं की पुढचं काहीच टाकवत नाही. फोटो सगळ्यात शेवटी. तसंच, आवरण्याआधी प्लास्टिकचे डबे आणि कप्पे विकत आणू नका. आधी किती उरतं ते पाहा. बहुतेक वेळा घरातल्याच पत्र्याच्या पेट्या पुरतात.

काढण्याआधी काय काय तपासावं?

सगळे खिसे, साड्यांच्या घड्या, ब्लाउजच्या शिवणी, पेटीच्या तळाला घातलेल्या कागदाच्या खालची बाजू, गादीचा कोपरा, तांदूळ-डाळीचे जुने डबे, देवघराचा खण, तसबिरीच्या मागचा पुठ्ठा. घरातल्या बायकांनी साठवलेले पैसे आणि फुली-मण्यांसारखे बारीक दागिने नेमके तिथेच असतात. रद्दीच्या गठ्ठ्यातला प्रत्येक पेपर झटकून पाहा. खरेदीखत पेपरात गुंडाळून ठेवायची सवय अनेक घरांत होती.

जुन्या नोटा सापडल्या तर?

८ नोव्हेंबर २०१६ ला बंद झालेल्या ५०० आणि १००० च्या नोटा आता कुठेच बदलून मिळत नाहीत. आठवण म्हणून दोन-चार ठेवा, पण २०१७ च्या कायद्यानं अशा दहापेक्षा जास्त नोटा जवळ ठेवायला मनाई आहे. 'बदलून देतो' म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. २००० ची नोट मात्र रद्द झालेली नाही. १९ मे २०२३ ला ती चलनातून मागे घेतली. ती रिझर्व्ह बँकेच्या मुंबई किंवा नागपूरसारख्या कार्यालयात बदलता येते, आणि टपालानं पाठवून रक्कम स्वतःच्या बँक खात्यात जमा करून घेण्याची सोय आहे.

तांब्या-पितळेच्या भांड्यांची मोड करताना फसगत कशी टाळायची?

माळ्यावरचा खरा पैसा यातच असतो आणि फसगतही इथेच होते. आधी धातू वेगळे करा. तांबं लालसर, पितळ पिवळं. कासं पितळेसारखंच दिसतं, पण बोटानं टिचकी मारली की घंटेसारखा नाद लांबवर घुमतो. पितळ लवकर गप्प होतं. कासं म्हणजे साधारण ७८ भाग तांबं आणि २२ भाग कथील, पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. कथील महाग, म्हणून कास्याचा भाव पितळेपेक्षा जास्त असायला हवा. 'सगळं पितळच आहे' म्हणून एकाच ढिगात टाकू देऊ नका. जर्मलची भांडी, म्हणजे ॲल्युमिनियम, हलकी आणि राखाडी असतात. त्यांचा भाव लोखंडापेक्षा बराच वर. लोहचुंबक जवळ ठेवा: कडी, कडं, बुडाची पट्टी कुठे लोखंडी आहे ते लगेच कळतं.

घरी वजन करून कागदावर लिहा: घंगाळ इतकं, हंडा इतका, बंब इतका. बंबाच्या आतली राख आणि साचलेला क्षार झटकून घ्या. बंबाची जाळी आणि पाय लोखंडी असतील तर सुटे करा, नाहीतर त्यांच्या नावाखाली दुकानदार अंदाजानं 'घट' धरतो आणि हा अंदाज कधीच तुमच्या बाजूनं नसतो. दारावर येणाऱ्याचा ताणकाटा तपासायचा सोपा उपाय आहे. दोन लिटरची प्लास्टिकची बाटली पाण्यानं भरून लटकवा. पाण्याचे दोन किलो आणि बाटलीचे चाळीस-पन्नास ग्रॅम, एवढंच दिसलं पाहिजे. पावणेदोन दाखवत असेल तर त्याला हात जोडा.

मोडीचा भाव नव्या भांड्याच्या भावापेक्षा नेहमीच कमी असतो, कारण नव्यात घडणावळ आणि कर असतो. तरी तीन दुकानांत विचारा आणि विचारताना 'रोख काय आणि बदल्यात काय' असे दोन्ही भाव विचारा. बदल्यात नवीन स्टीलचं भांडं घेतलं तर घरातली एक वस्तू गेली आणि दुसरी आली, एवढंच होतं. शक्य असेल तर रोख घ्या.

सगळंच मोडू नका. आजीच्या लग्नातलं, नाव आणि साल कोरलेलं एक भांडं ठेवा आणि ते माळ्यावर न ठेवता वापरात आणा. पितळेच्या पातेल्यात आंबट शिजवायचं असेल तर आतून कल्हई हवीच. कल्हई उडून आतलं पिवळं दिसू लागलं की त्यात ताक, चिंच, टोमॅटो ठेवू नये.

विजेच्या जुन्या तारांतलं तांबं काढायला वरचं प्लास्टिक जाळू नका. तो धूर विषारी असतो, आणि जळकट तांब्याला भावही कमी मिळतो. तार तशीच विका.

कोणती कागदं ठेवायची आणि कोणती रद्दीत घालायची?

इथे घाई करू नका. एका सकाळच्या झाडलोटीत गेलेला कागद पुढच्या पिढीला वर्षानुवर्षं कचेऱ्यांच्या पायऱ्या चढायला लावतो.

आजोबा-पणजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, जन्म-मृत्यूच्या नोंदीचा उतारा, जुने सातबारे, फेरफार, महसुली पावत्या यांतलं काहीही रद्दीत जाऊ देऊ नका. जात पडताळणीत विशिष्ट तारखेआधीचा पुरावा मागतात: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. या तारखांच्या आधीचा, जात लिहिलेला एक पिवळा पडलेला दाखला नातवाच्या प्रवेशाचा आधार होऊ शकतो.

कागदावर 'पूर्व खानदेश' किंवा 'पश्चिम खानदेश' असं दिसलं तर तो जुना आहे हे ओळखा. खान्देशाचे हे दोन जिल्हे १९०६ मध्ये झाले. पूर्व म्हणजे आताचा जळगाव, पश्चिम म्हणजे धुळे आणि नंदुरबार. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला वेगळा झाला, त्यामुळे शहादा, तळोदा, नवापूरच्या त्याआधीच्या कागदांवर धुळे किंवा पश्चिम खानदेश जिल्हा लिहिलेला असणार. ती चूक नाही. मोडी लिपीतले कागद वाचता येत नाहीत म्हणून निरुपयोगी समजू नका. आधी मोडी जाणणाऱ्याकडून वाचून घ्या. घराला नको असतील तर धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ १९२७ पासून ऐतिहासिक कागदपत्रं सांभाळतं, तिथे विचारा. हस्तलिखित पोथ्यांसाठी धुळ्यातलंच समर्थ वाग्देवता मंदिर आहे.

बाकीच्यांसाठी मापं अशी. वीजबिलं दोन वर्षांची पुरेत. वीज कायदा २००३ च्या कलम ५६(२) प्रमाणे थकबाकी म्हणून सतत न दाखवलेली जुनी रक्कम दोन वर्षांनंतर वसूल करता येत नाही. घरपट्टी-पाणीपट्टीच्या पावत्या मात्र ठेवा, वाटणीच्या वेळी कब्जा दाखवायला कामी येतात. आयकराची कागदं किमान आठ वर्षं. कर्ज फिटल्याचा दाखला कायमचा. बियाणं आणि खतांची बिलं त्या पिकाचा विमा आणि तक्रारी मिटेपर्यंत, म्हणजे साधारण दोन हंगाम. बियाण्याची रिकामी पिशवी आणि तिच्यावरचं लेबलसुद्धा उगवण होईपर्यंत टाकू नका. बोगस निघालं तर तक्रारीला तेच लागतं.

आधारच्या झेरॉक्स, बँकेचे उतारे, जुने पासबुक हे रद्दीत अख्खे घालू नका. नंबर आणि सही असलेला भाग फाडून पाण्यात भिजवा, लगदा करून झाडाच्या आळ्यात टाका.

जुने कपडे आणि साड्या कुठे द्यायच्या?

तीन वाटे करा. धुतलेले, बटणं असलेले, न फाटलेले कपडे देण्यासाठी. सातपुड्यात धडगाव, अक्कलकुवा, तोरणमाळकडे थंडी कडक असते. तिथल्या आश्रमशाळांना आणि पाड्यांना स्वेटर, चादरी उपयोगी पडतात. ते मात्र कार्तिकाच्या आत पोचले पाहिजेत, आणि आधी फोन करून काय हवं ते विचारून. फाटकं, डागाळलेलं, चेन तुटलेलं देऊ नका. ते निवडून टाकायचं काम घेणाऱ्याच्या गळ्यात पडतं.

सुती बनियन, धोतरं, परकर फाटले तर गॅरेजवाल्याला द्या. सुती कापड तेल शोषतं, पॉलिस्टर शोषत नाही, म्हणून गॅरेजात पॉलिस्टर कुणी घेत नाही. बोहारीण आली तर भांड्याच्या बदल्यात ती काठाच्या साड्या आणि पँटी आधी निवडते. उरलेला ढीगही तिच्याच गळ्यात घाला, नाहीतर चांगलं जातं आणि चिंध्या घरात राहतात.

जरीची जुनी साडी देण्याआधी काठाचा एक धागा उसवून नखानं खरवडा. आतून तांब्याचा लाल रंग आला तर ती तांब्यावरची जर. धागा काडीजवळ नेताच वितळून गोळा झाला तर प्लास्टिकची. आत रेशीम किंवा सूत आणि वर पांढरा धातू दिसला तर चांदी असू शकते. सराफाला दाखवल्याशिवाय ती बोहारणीला देऊ नका.

गाद्या, गोधड्या आणि बाजा?

कापसाची गादी दबून दगडासारखी झाली म्हणून फेकू नका, आपण कापसाच्या मुलखात राहतो. पिंजून घेतली की तोच कापूस पुन्हा फुलतो. एकेरी गादीत साधारण आठ-दहा किलो कापूस असतो. पिंजताना धूळ आणि तुटलेले तंतू गेल्यावर वजन घटतं, ते गृहीत धरा आणि पिंजारी समोर असतानाच दोन वेळा वजन करा. कापूस ओला होऊन काळा पडला, बुरशीचा वास मारतो, तर मात्र तो पिंजू नये. फोमची गादी पिंजता येत नाही आणि भंगारातही सहसा कुणी घेत नाही. ती बारा-पंधरा वर्षं टिकेल असं समजून घेतलेली असते, म्हणून घेतानाच विचार करावा.

मऊ झालेल्या चार-पाच सुती साड्यांची एक गोधडी होते. घरात माणसं किती आणि पाहुणे किती यांचा हिशेब करून तेवढ्याच ठेवा. बाजेची लाकडं शाबूत असतील तर नवार नवीन विणून घ्या.

फवारणीच्या बाटल्या, धान्यातल्या गोळ्या, जुनी औषधं?

या तिन्हींची गल्लत करू नका, आणि तिन्ही मुलांच्या हाताबाहेर.

कीटकनाशकाची रिकामी बाटली तीन वेळा पाण्यानं खंगाळून ते पाणी पंपातच ओता, मग बाटलीला खिळ्यानं भोकं पाडा. भोक नसलेली बाटली रॉकेल, तेल, डिझेल ठेवायला हमखास वापरली जाते आणि त्यातून जीव गेले आहेत. जाळू नका, विहिरीजवळ, नाल्यात टाकू नका.

धान्यात ठेवायच्या गोळ्या, म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइड, हा सगळ्यात घातक प्रकार. हवेतल्या ओलाव्यानंसुद्धा त्यातून फॉस्फिन वायू सुटतो. तीन ग्रॅमच्या एका गोळीतून साधारण एक ग्रॅम वायू निघतो आणि बंद खोलीत तो माणसाला मारतो. कोठीच्या मागे जुनी नळी सापडली तर उघडू नका, पाण्यात टाकू नका, उकिरड्यावर फेकू नका. माणसं झोपत नाहीत अशा कोरड्या, हवेशीर जागी कुलपात ठेवा आणि कृषी सेवा केंद्र किंवा कृषी सहायकाकडे देण्याचं विचारा.

मुदत संपलेल्या गोळ्या, फुटलेला पाऱ्याचा थर्मामीटर, इन्शुलिनच्या सुया हा घरगुती घातक कचरा आहे. घंटागाडीत ओल्या-सुक्यात न मिसळता वेगळ्या पुड्यात, वर लिहून द्या. सुया जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या बाटलीत भरा, पिशवीत नको. सफाई कामगाराच्या हाताला टोचतात.

जुना टीव्ही, मोबाईल, इन्व्हर्टरची बॅटरी, कूलर?

डब्बा टीव्ही फोडू नका. आतल्या काचेच्या नळीत निर्वात जागा असते, ती फुटली की काच उडते, आणि त्या काचेत शिसं असतं. तो अख्खाच द्या. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांनुसार उत्पादकांवर जुन्या मालाची जबाबदारी आहे, म्हणून नवीन घेताना दुकानदाराला 'जुना नेणार का' हे पैसे देण्याआधी विचारा. इन्व्हर्टरची बॅटरी नवीन घेताना जुनी परत करा; तिच्यातल्या शिशाला भाव असतो. आतलं आम्ल अंगणात ओतून 'हलकी' करू नका, त्या जागी काही उगवत नाही.

मोबाईल देण्याआधी सिम आणि मेमरी कार्ड काढा, पैसे पाठवायची ॲप बंद करा आणि फोन पूर्ण पुसून टाका. बॅटरी फुगली असेल तर ती दाबू, टोचू किंवा चार्ज करू नका. कोरड्या वाळूच्या डब्यात ठेवून द्या.

कूलरचा पत्रा गंजून भोकं पडली असतील तर पंखा, मोटर आणि पंप सुटे काढा. मोटरीत तांबं असतं, पत्र्याच्या भावात ती देऊ नका.

गच्चीवरचे ड्रम, टायर, माठ?

चार-आठ दिवसांनी नळ येणाऱ्या गावांत ड्रम हे अडगळ नाहीत. गळका, झाकण नसलेला तेवढा काढा. टायर मात्र एकही ठेवू नका. त्यात पावसाचं वाटीभर पाणी साचलं तरी डेंग्यूचा डास वाढतो, आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो, आणि ती अंडी कोरड्यातही महिनोन् महिने तग धरतात. ठेवलेले ड्रम आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामे करून आतून घासा, कारण अंडी भिंतीला चिकटलेली असतात.

जादा गॅस सिलिंडर आणि बंद पडलेली मोटारसायकल भंगारात देता येते का?

सिलिंडर नाही. तो गॅस कंपनीच्या मालकीचा असतो. कनेक्शनचं कागद घेऊन एजन्सीत परत करा, अनामत रक्कम मिळते. मोटारसायकल भंगारवाल्याला तशीच दिली तर नोंदणी तुमच्याच नावावर राहते आणि ती गाडी किंवा तिचा नंबर कुठे वापरला गेला तर बोलावणं तुम्हाला येतं. नोंदणीकृत वाहन मोडणी केंद्रात द्या, तिथून मिळालेला दाखला ठेवा आणि परिवहन कार्यालयात नोंदणी रद्द करून घ्या.

देवाच्या फुटक्या तसबिरी, जीर्ण पोथ्या?

तापी-पांझरेत सोडू नका. तसबीर उघडून काच, लाकूड, खिळे वेगळे करा. कागदाचा फोटो पाण्यात विरघळवून तुळशीच्या किंवा झाडाच्या मुळाशी पुरा. छापील पोथीचंही तसंच. झिजलेले टाक, म्हणजे देवांच्या प्रतिमा उठवलेले धातूचे पत्रे, सोनाराकडून त्याच धातूत नव्यानं घडवून घेता येतात. भाऊ वेगळे झाले तर मूळ टाक कुणाकडे, नवे कुणाकडे हे आधी बोलून घ्या.

सासूबाई किंवा आई काहीच टाकू देत नाहीत. काय करावं?

त्यांच्या पाठीमागे टाकू नका. एकदा असं कळलं की पुढची दहा वर्षं त्या दोरीचा तुकडाही सोडत नाहीत. ज्यांनी टंचाईची वर्षं काढली, त्यांना रिकामा डबाही कामाचा वाटतो, आणि तेव्हा तो खरोखर कामाचा होता. 'आई, हे टाकायचं का?' असं विचारलं की उत्तर 'नको' येतं. त्याऐवजी 'आई, ही परात कुणाला द्यावी?' असं विचारा. नाव त्यांनी घेतलं की वस्तू त्यांच्या हातानं, त्यांच्या मानानं जाते. एका बैठकीत दहाच वस्तू घ्या. एक पेटी पूर्णपणे त्यांची ठेवा, तिला कुणीही हात लावायचा नाही.

घरातलं माणूस गेलं, त्याच्या वस्तूंचं?

वर्षश्राद्धापर्यंत अंथरूण, औषधं आणि रोजचे कपडे सोडून काही हलवलं नाही तरी चालतं. औषधं मात्र लगेच काढा. काठी, चष्मा, व्हीलचेअर, कमोडची खुर्ची लवकर द्या. गावात कुणाला तरी ती आजच हवी असते. बाकीचं लेकी-सुनांना एकत्र बसवून, प्रत्येकीनं एक वस्तू निवडून.

घर सामाईक आहे, भाऊ पुण्याला-सुरतेला आहेत. एकट्यानं आवरलं तर वाद होईल?

होईल, जर आधी सांगितलं नाही तर. प्रत्येक वस्तूचा फोटो, त्यावर क्रमांक, घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका आणि तारीख द्या: येत्या आखाजीपर्यंत ज्याला हवं त्यानं सांगावं आणि न्यावं. 'हवं आहे, पण तिथेच राहू द्या' हे उत्तर एकदाच मान्य करा. मोडीचे पैसे आले की वजनाची चिठ्ठी आणि रक्कम त्याच ग्रुपवर टाका आणि पैसे घराच्या दुरुस्तीला लावा, वाटू नका.

एवढं काढूनही लग्नसराईत घर पुन्हा भरतं. त्यावर उपाय?

आहेर हेच त्याचं मूळ. टॉवेल-टोप्या, ब्लाउजपीस, घडी न मोडणाऱ्या साड्या, स्टीलचे डबे एका घरातून दुसऱ्या घरात फिरत असतात. घरातल्या घरात ठरवा की देताना रोख पाकीट किंवा धान्य-किराणा द्यायचा. आलेला आहेर त्याच आठवड्यात उघडा, लागतो तेवढा वापरायला काढा आणि बाकीचा एका पेटीत ठेवून त्यावर देणाऱ्याचं नाव चिकटवा, म्हणजे त्याचीच साडी त्याच्याच घरी परत जात नाही. ती पेटी भरली की झाकण लागेल एवढं कमी झाल्याशिवाय दुसरी पेटी काढायची नाही. आणि दाराजवळ एक गोणी कायम टांगून ठेवा: नको वाटलेली वस्तू सरळ त्यात. गोणी भरली की भंगारवाल्याला हाक मारा.